लिहिणाऱ्याचा जयभीम

नाचणगाव, पोस्ट पुलगाव, जि. वर्धा
१८ ऑगस्ट १९७४

चिरंजीव प्रेमदास यास बाप गुलाब ताकसांडे याचा जयभीम आणि तुझ्या आईचा, भागीरथाचा, आशीर्वाद.

तू विलायतेला सुखरूप पोहोचल्याचं कळलं. नोकरीच्या दवाखान्यात जेवण मिळतं पण त्याला मीठ नसतं, हे ऐकून तुझ्या आईने एक दिवस भाजीत मीठ टाकलं नाही. म्हणे, पोरगं तसंच खातं. मला फुकट शिक्षा.

आता पत्रांचा बंदोबस्त चांगला झाला आहे. आधी, तू बाहेरगावी नोकरीला होतास तेव्हा, मास्तरच्या दारात बसावं लागे. मास्तर एका पत्राला दोनदा चहा घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत तुझा पगार गावभर व्हायचा. आता समुद्रपूरची मॅट्रिक पास सूनच घरात आहे. मी खाटेवर बसून सांगतो, पंचफुला लिहिते. तुझी पत्रंही तीच वाचून दाखवते. अक्षर मास्तरपेक्षा सरस आहे आणि चहा एकदाच लागतो.

एक गोष्ट ध्यानात ठेव. तुझं लग्न होऊन एकोणीस दिवसांत तू गेलास, म्हणून तुला बायकोच्या नावाने पत्र टाकावंसं वाटेल. टाकू नको. शेजारच्या श्रावणने मुंबईहून बायकोच्या नावाचं पाकीट धाडलं, तर पोस्टमनने तिला भर चौकात हाक मारली. पोरगी दोन दिवस विहिरीवर गेली नाही. जे लिहायचं ते बापाच्या नावाने लिही. सगळे मिळून ऐकू.

पत्राच्या शेवटी लिहिणाऱ्याने आपला जयभीम लिहायचा रिवाज आहे. मास्तरही लिहायचा. म्हणून मीच सुनेला म्हटलं, एक ओळ तुझी लिही, आम्ही काही ऐकत नाही.

(मामाजींनी सांगितलं तेवढं लिहिलं. एअर लेटरच्या कडेला बोटभर जागा उरली आहे. आकाशकंदिलासाठी तुम्ही आढ्याला ठोकलेला खिळा अजून तसाच आहे. पत्र लिहिणाऱ्याचा जयभीम.)


वुल्व्हरहॅम्प्टन, इंग्लंड
३ ऑक्टोबर १९७४

तीर्थरूप बाबा आणि आईस प्रेमदासचा सविनय जयभीम.

पत्र मिळालं. आईला सांगा, मिठाची पुडी मी खिशात घेऊन जेवायला जातो. वॉर्डातले म्हातारे मला ‘प्रेम’ म्हणतात. पुढचं त्यांना झेपत नाही. एका म्हाताऱ्याला तुमच्यासारखीच खोड आहे, औषध घ्यायच्या आधी पाच मिनिटं भांडतो. मला बरं वाटतं.

इथे जालंधरकडची काही घरं आपल्याच विचारांची आहेत. चौदा एप्रिलला सगळे एकत्र जमतात. त्यांनी फॉर्म भरायला मदत केली. पंचफुलाला इकडे आणायचा अर्ज केला आहे. मुंबईच्या व्हिसा ऑफिसातून बोलावणं येईल, पण रांग मोठी आहे. वर्ष-दीड वर्ष लागेल म्हणतात.

तुमची सूचना पाळीन. सगळं तुमच्याच नावाने लिहीन. फक्त पत्र लिहिणाऱ्याची विचारपूस करणं हाही रिवाजच आहे, म्हणून विचारतो. लिहिणाऱ्याचं बोट दुखत नाही ना? लिहिणाऱ्याच्या पायाचं माप कळवावं, इथे लोकरीचे मोजे छान मिळतात. आणि कडेला जागा उरली तर लिहिणाऱ्याने कंजुषी करू नये. अक्षर बारीक केलं तर चार ओळी सहज मावतात.

आपला,
प्रेमदास


नाचणगाव
२० फेब्रुवारी १९७६

चिरंजीव प्रेमदास यास जयभीम.

मुंबईची मोहीम फत्ते झाली. मी, तुझी आई आणि सून, तिघंही पुलगावहून गाडीत बसलो. तुझ्या आईने एवढ्या भाकरी बांधल्या होत्या की समोरच्या बाकावरचे लोकही जेवले.

ऑफिसात आधी सुनेला आत बोलावलं, मग मला. गोरा साहेब आणि शेजारी मराठी बोलणारा एक बाबू. माझ्या हातात लग्नाचा फोटो दिला आणि विचारलं, हा कोणाचा? मी म्हटलं, माझ्या पोराचा, नाहीतर काय तुमचा? बाबूने ते साहेबाला सांगितलं की नाही ठाऊक नाही. बाकी जे विचारलं ते सगळं मी बरोबर सांगितलं. शेवटी कागद पुढे केला. बाबूने शाईचा डबा सरकवला, तो मी परत सरकवला आणि पेन मागितलं. ऐटीत सही ठोकली. साहेब पाहतच राहिला.

आता काळजीचं कारण नाही. तुझी आई तर आतापासून सुनेच्या ट्रंकेत तिखटाची पुडी ठेवते आणि काढते.

(मला तीनदा विचारलं, नवरीची साडी पांढरी का, होम कुठे आहे? तिन्ही वेळा सांगितलं की आमच्यात अग्नी नसतो. बुद्धांसमोर पंचशील म्हणतो आणि हार घालतो. पांढरं आमच्यात मंगलच. पत्रांचंही विचारलं. खरं होतं ते सांगितलं. साहेबाने काहीतरी लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. ते टोपण मला आवडलं नाही. मोजे अजून नवेच आहेत, नाचणगावच्या उन्हात घालणार कधी? पत्र लिहिणाऱ्याचा जयभीम.)


वुल्व्हरहॅम्प्टन
११ जून १९७६

पंचफुला,

बाबांची सूचना मोडून हे पाकीट तुझ्या नावाने टाकतो आहे. पोस्टमनने चौकात हाक मारली असेल तर माफ कर.

व्हिसा नाकारला. चार पानांचा कागद आला आहे. त्यांनी तुला विचारलं, नवऱ्याने तुला किती पत्रं लिहिली? तू म्हणालीस, एकही नाही. तू त्याला किती लिहिलीस? त्यावरही तू म्हणालीस, एकही नाही. मग बाबांना विचारलं, मुलाला पत्रं कोण लिहितं? बाबा म्हणाले, मीच लिहितो, माझ्या हाताने. यावरून साहेबांनी निकाल काढला की दोन वर्षांत ज्यांनी एकमेकांना चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही, त्यांचं लग्न खरं कसं असेल? हे नुसतं इंग्लंडात शिरण्यासाठी जुळवलेलं आहे.

कागद वाचून मी कपाटावरची पेटी खाली काढली. तुझ्या हातची सत्तावीस पत्रं आहेत त्यात. त्या सत्तावीस कडांवर मी दोन वर्षं जगलो. आणि एक माणूस टेबलामागे बसून म्हणतो की चिठ्ठीसुद्धा नाही!

अपील करता येतं. इथला वकील म्हणतो, पत्रं सुनेच्या हातची आहेत हे सिद्ध झालं तर केस उभी राहील. पण बाबा नेमकं उलटं बोलून बसले आहेत. मला लिहिता येत नाही, मी बोललो ते चुकीचं होतं, असं त्यांनी हाकिमासमोर लिहून द्यायला हवं. सहा महिन्यांच्या आत.

ते मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? तुला माहीत नसेल. पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये पगाराच्या दिवशी मुकादम बाबांचा अंगठा धरून शाईत बुडवायचा आणि कागदावर दाबायचा, आणि सगळ्यांसमोर हसायचा. बाबा छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि मला शाळेत घातलं. मी चौथीत गेल्यावर त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट शिकून घेतली, स्वतःची सही. त्या दिवसापासून त्यांनी कुठेही अंगठा दिलेला नाही. पुढे शिकायला वेळ मिळाला नाही, आणि मग लाज वाटायला लागली.

त्यांना वेगळं पत्र लिहावं म्हटलं, तर वाचून दाखवणार तूच. तूच सांग, काय करू?

तुझा,
प्रेमदास


नाचणगाव
३० जून १९७६

मायना काय लिहावा हेच कळेना. दोन वर्षं तुम्हाला ‘चिरंजीव प्रेमदास’ लिहीत आले आणि खाली ‘तुझा बाप’. आता एकदम काय लिहू? तुम्हीच समजून घ्या.

पोस्टमनने चौकात नाही, पण अंगणातून हाक मारलीच, “पंचफुला ताकसांडे, विलायत!” मी हात पुसून येईपर्यंत मामाजी खाटेवर येऊन बसले होते. म्हणाले, वाच.

मी व्हिसा नाकारल्याचं वाचलं. मग पान उलटलं आणि तुमची तब्येत बरी आहे, थंडी कमी आहे, असं मनाचंच जोडून दिलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “पोरी, मले वाचता येत नाई, पन मोजता येते. दोन पानं भरून लिवलं अन् तू अर्ध्या मिनिटात वाचून राह्यली? सारं वाच.”

मी सगळं वाचलं. मुकादमाचंही. मध्येच मी कागदाची घडी घालायला लागले, पण त्यांनी थांबू दिलं नाही. ऐकून झाल्यावर ते उठले आणि सुट्टीचा दिवस असूनही जिनिंगकडे निघून गेले. सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे. बोलले नाई म्हंजे मनाले लागलं. चिडले असते तर बरं होतं.”

त्यांच्यावर रागावू नका. त्या ऑफिसात सगळे कसे बसले होते ते तुम्ही पाहिलं नाही. बाबूच्या हातात आधीपासूनच शाईचा डबा होता. धोतरवाला माणूस दिसला की तो डब्याचं झाकणच उघडायचा. मामाजींना त्याने विचारलं, “लिहिता येतं?” आणि तेही हसून विचारलं. मग मामाजी काय म्हणणार होते? मी दाराबाहेरून ऐकलं, “येते म्हंजे? पोराले पत्रं मीच लिहितो!” मलाही आत जाऊन खोटं पाडवलं नसतं.

आणि माझं म्हणाल तर मी खरंच बोलले. पत्रं मामाजींची होती. मी फक्त लिहीत होते. तुमची पत्रंही मामाजींच्याच नावाने यायची. कडेच्या ओळींना पत्र म्हणतात हे मला कुठे ठाऊक होतं? आता रोज वाटतं की तोंडातून एक शब्द निघाला असता, तर आज ट्रंक भरली असती. तुमच्याकडे यायची माझी किती इच्छा आहे ते मी आजवर कधी लिहिलं नाही, कारण वाचून दाखवावं लागत नसलं तरी मामाजींच्या पत्रात ते शोभलं नसतं. आज लिहिते. फार इच्छा आहे.

तरीही मी थांबेन. त्यांना अंगठ्यासाठी मी विचारणार नाही.

पंचफुला


नाचणगाव
२४ जुलै १९७६

चिरंजीव प्रेमदास यास जयभीम.

तू स्वतःला फार शहाणा समजतोस. बापाला सांगायचं ते सुनेला सांगतोस, आणि सून म्हणते मी विचारणार नाही. दोघांनी मिळून मला काचेचं भांडं करून ठेवलं आहे. अरे, पस्तीस वर्षं रुईच्या गाठी उचलल्या मी. एका गोष्टीने फुटतो का?

चूक माझी होती, ती मी तीन आठवडे चघळली आणि मग गिळली. सोमवारी सुनेला घेऊन वर्ध्याच्या कचेरीत गेलो. अर्जनवीसाने सगळं प्रतिज्ञापत्र लिहिलं, की मला सहीपलीकडे लिहिता येत नाही, मुंबईला मी लाजेपोटी खोटं बोललो, आणि पत्रं पहिल्यापासून सून लिहिते. मी पेन मागितलं. तर तो म्हणतो, “बाबा, वर लिवलं लिहिता येत नाई अन् खाली झोकदार सही? विलायतेचा हाकिम हसन ना! इथं अंगठाच शोभते.”

सुनेने माझा हात धरला. म्हणाली, राहू द्या मामाजी, घरी चला. मी तिला म्हटलं ते जसंच्या तसं लिहायला सांगतो आहे, कारण ती ते गाळायला बघते आहे. “तो मुकादम माह्या अंगठा धरून लावत होता. आज मी माह्या हातानं लावून राह्यलो, माह्या लेकीसाठी. हा अंगठा येगळा हाय.”

लावला. चांगला गोल उमटला.

मग हाकिमाने सुनेला कागद दिला, समोर काहीतरी लिहून दाखव म्हणाला, म्हणजे अक्षर जुळवता येईल. काय लिहू, तिला सुचेना. मी म्हटलं, मी सांगतो. चिरंजीव प्रेमदास यास बाप गुलाब ताकसांडे याचा जयभीम. तिचा हात आपोआप चालायला लागला. भाजीतल्या मिठापर्यंत आलो तेव्हा हाकिम म्हणाला, पुरे, आणि स्वतःच हसला. त्याने शिक्का मारून दिला. तुझी इकडे आलेली सगळी पत्रंही सोबत पाठवतो आहे. सांभाळून ठेव आणि नंतर परत कर, ती माझ्या नावाची आहेत.

(शाई घरी आल्यावरही अंगठ्यावर तशीच होती. सासूबाईंनी राखेने घासून देते म्हटलं, तर नको म्हणाले. परत येताना पुलगावच्या बाजारातून त्यांनी एक पाटी आणि पेन्सिलींचा डबा घेतला. कोणासाठी विचारलं, तर म्हणाले, घरात असावी. सासूबाईंना वाटतं नातवासाठी, म्हणून त्या दोन दिवस माझ्याकडे बघून हसत आहेत. पत्र लिहिणाऱ्याचा जयभीम.)


वुल्व्हरहॅम्प्टन
९ फेब्रुवारी १९७७

तीर्थरूप बाबा, आई आणि पत्र लिहिणारी, तिघांनाही जयभीम.

जिंकलो! ही ओळ पंचफुलाने आधी एकदा मोठ्याने वाचावी, मग पुढचं.

काल सुनावणी होती. अपील ऐकणारा साहेब म्हातारा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सरकारी वकील म्हणाला, ही पत्रं सासऱ्याची आहेत, सून फक्त लेखनिक. साहेबाने बाबांचं प्रतिज्ञापत्र उचललं आणि अंगठा पुन्हा पुन्हा पाहिला. मला विचारलं, “तुमच्या वडिलांना सही येते ना? मग हा अंगठा का?” मी मुकादमाची गोष्ट सांगितली. त्यांच्या सहीचीही. त्याने मला पाणी द्यायला लावलं.

मग तो दुभाष्याला म्हणाला, सगळी पत्रं राहू द्या, प्रत्येकाच्या फक्त शेवटच्या ओळी वाचा. एक तिकडची, एक इकडची, तारखेप्रमाणे. दुभाषी वाचायला लागला. लिहिणाऱ्याचं बोट दुखत नाही, पायाचं माप साडेपाच. मोजे पाठवले आहेत, लिहिणाऱ्याने घालून पाहावेत. मोजे बसले, पण उन्हात घालणार कधी? तर मग लिहिणाऱ्याने थंडीच्या देशात यावं. लिहिणाऱ्याने यंदा लोणच्याची बरणी तुमच्यासाठी वेगळी ठेवली आहे, कोणाला उघडू देत नाही. लिहिणाऱ्याला ताप होता असं बाबांनी लिहवून घेतलं, मग ते पत्र लिहिलं कोणी? तापातच लिहिलं, दुसऱ्या कोणाला लिहू दिलं नाही.

असं अर्धा तास चाललं. सरकारी वकील खाली पाहत होता. माझे कान लाल झाले होते. आपलं सगळं घर तिथे टेबलावर मांडलं होतं, बाबा.

शेवटी साहेबाने चष्मा काढला. म्हणाला, “या बाईंनी नवऱ्याला सत्तावीस पत्रं लिहिली आहेत आणि नवऱ्याने प्रत्येकाला उत्तर दिलं आहे. त्यांना स्वतःला ते माहीत नव्हतं, एवढंच.” अपील मंजूर.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि पोटभर रडलो. जालंधरवाल्या काकांनी पाठीवर थाप मारून पेढे वाटले. आठ महिने छातीवर दगड होता. तो गेला, आज पहिल्यांदा जेवणाला चव लागली, मीठ न घालताही.

बाबा, तुमच्या अंगठ्याचे उपकार कसे फेडू? आणि एक काळजी आहे. ती इकडे आली की तुमची पत्रं कोण लिहिणार? मास्तर पुन्हा दोनदा चहा घेणार.

तुमचा,
प्रेमदास


नाचणगाव
१५ मे १९७७

प्रेमदास अन् पंचफुला दोघाले जयभीम.

पोचल्याची तार भेटली. बरं झालं. तुही आई तीन दिवस रडली आता बरी हाय. ट्रंकेत तिखट सापडलं का?

मास्तरकडे गेलो नाई. हे पत्र मीच लिवलं. हातानं. सहा दिवस लागले. सूनबाईनं पाटीवर सहा मयने गिरवून घेतलं, रोज जेवल्यावर. तुले सांगू नको असं मीच म्हनलो होतो. चुकलो का लय रागवते, दिसते गरीब पन मास्तरीन हाय. सांभाळून राहजो.

मुंबईच्या साहेबाले म्या म्हनलो होतो पोराले पत्रं मीच लिहितो. ते तवा खोटं होतं. आता त्याले कोनी सांगा, खरं झालं.

उत्तर सूनबाईच्या नावानं नको, तुह्या नावानं नको, दोघाच्या नावानं लिवा. मी वाचतो. हळू वाचतो पन सारं वाचतो, पान गाळत नाई.

कडेला जागा उरली.

पत्र लिहिणाऱ्याचा जयभीम.
लिहिणारा मीच, गुलाब ताकसांडे.